वडखळ नाक्यावरचं अंदाजपत्रक

आमच्या मुलखाला पैशातलं कळत नाही, असं कुणी म्हणू नये. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख आमच्या रोह्याचे. १९४३ साली ते गव्हर्नर झाले, नोटांवर त्यांची सही आली, आणि पुढे १९५० ते १९५६ ते देशाचे अर्थमंत्री होते. पैशाचा मोहच सोडा, असं सांगणारे विनोबाही आमचेच. जन्म १८९५चा, पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. पवनारच्या आश्रमात त्यांनी पैशाशिवाय जगायचा ‘कांचनमुक्ती’चा प्रयोग केला.

मी या दोघांच्या मधे, वडखळला राहतो. पगार झाल्यापासून दहा तारखेपर्यंत माझ्या अंगात चिंतामणराव येतात. वीस तारखेनंतर विनोबा येतात. मधले दिवस मी वाण्याची गल्ली चुकवून घरी येतो.

यातली खरी गंमत अशी, की मी नोकरीला एका पतसंस्थेत आहे आणि तेही वसुलीला. म्हणजे लोकांच्या दारात उभं राहून ‘खर्च आवरा, अंथरूण पाहून पाय पसरा’ असं सांगण्याचा मला पगार मिळतो. तो पुरत नाही ही वेगळी गोष्ट. कर्जदाराच्या घरात नवा टीव्ही दिसला, की मी नुसती भुवई वर करतो.

“साहेब, पोरांसाठी घेतला हो.”

“पोरांसाठी पुस्तकं घ्यावीत.”

हे वाक्य मी एकदा रविवारी, चिरंजीवांना मागे बसवून वसुलीला गेलो असताना बोललो. घरी पोहोचेपर्यंत चिरंजीवांची पुस्तकांची यादी तयार होती, आणि तिच्यात दोन गाइडं, एक कंपासपेटी आणि का कोण जाणे, एक बॅडमिंटनची रॅकेट होती.

आमचा वाणी आमच्याच संस्थेचा कर्जदार आहे. दुकान वाढवायला त्याने कर्ज घेतलं, दुकान वाढलं, आणि वाढलेल्या दुकानात मावेल इतका माल मी उधारीवर आणला. त्याचे हप्ते थकले, माझी उधारी थकली. एकदा मी संस्थेची बॅग काखेला मारून रीतसर गेलो.

“शेठ, मार्चचा हप्ता राहिलाय.”

शेठने काही न बोलता लाल वही काढली, बोटाला थुंकी लावून पान उलटलं. “फेब्रुवारीची साखर राहिलीय.”

“हे संस्थेचं काम आहे शेठ, घरचं नाही.”

“मग साखर संस्थेच्या नावावर टाकू?”

तेव्हापासून आमच्यात एक अलिखित तह आहे. दुकानात गिऱ्हाईक असताना त्याने वही उघडायची नाही, आणि शाखेत मॅनेजर असताना मी त्याचं नाव वाचायचं नाही. रस्त्यात समोरासमोर आलोच, तर दोघांनी हवामानावर बोलायचं. परवा ऐन जानेवारीत त्याने मला “यंदा पाऊस चांगला होणार म्हणतात” असं सांगितलं, आणि मीही “हो, पेरण्या वेळेवर व्हायला हव्यात” म्हणून पुढे सटकलो.

अशा परिस्थितीत घराचं अंदाजपत्रक नीट मांडायचं सौ.ने ठरवलं. तिच्या बचत गटात कुणीतरी मार्गदर्शन करून गेलं होतं. पगार झाला की पैसे वेगवेगळ्या पाकिटांत घालायचे, प्रत्येक पाकिटावर खर्चाचं नाव लिहायचं आणि त्या पाकिटात हात घालायचा तो त्याच कामासाठी. आमच्याकडे पाकिटांना तोटा नव्हता. लग्नसराईत आहेराची म्हणून घाऊक आणलेली, लाल-सोनेरी, गणपतीचं चित्र असलेली आणि कोपऱ्यात रुपयाचं नाणं चिकटवलेली पाकिटं कपाटात होतीच. ‘दूध’, ‘किराणा’, ‘गॅस’, ‘लाईट’, ‘शाळा’, ‘आईंची औषधं’, ‘आहेर’, ‘गाडी’ आणि ‘इतर’ अशी ओळीने देवघराखालच्या खणात लागली. लग्नाला निघाल्यासारखा आमचा संसार दिसू लागला.

पहिले काही दिवस शिस्तीत गेले. मग गॅसवाला आला तेव्हा ‘गॅस’मध्ये थोडे कमी पडले, म्हणून ‘दूध’मधून घेतले. सौ. हिशेबाची पक्की. तिने ‘दूध’मध्ये चिठ्ठी टाकली : ‘गॅसला दोनशे दिले. परत येणे.’ दूधवाला आला तेव्हा ‘शाळा’मधून घेतले, तिथे दुसरी चिठ्ठी. शाळेने सहलीचे पैसे मागितले तेव्हा ‘आहेर’ फोडलं. ‘आहेर’च्या वेळी ‘लाईट’, ‘लाईट’च्या वेळी ‘औषधं’. महिनाअखेर मी एकेक पाकीट उघडून पाहिलं. आत नुसत्या चिठ्ठ्या. प्रत्येक खात्याचं दुसऱ्या खात्याकडे येणं होतं, त्यामुळे कागदावर आम्ही अत्यंत सुस्थितीत होतो. आमच्या संस्थेचा ताळेबंदही साधारण असाच असतो, म्हणून मी काही बोललो नाही.

त्या दिवशी घरात चहापत्ती नव्हती. सौ.ने सुरी घेतली आणि पाकिटांवरची रुपयाची नाणी एकेक करून खरवडून काढली. डिंक इतका चिवट, की नाण्याबरोबर गणपतीचे पायही थोडे सुटून आले. नऊ पाकिटांचे नऊ रुपये झाले आणि दहा रुपयांच्या पुडीला एक कमी पडला. आई खाटेवरून बघत होती. तिने कनवटीचा रुपया काढून दिला आणि म्हणाली, “यो परत कराचा हां. चिठी नको.”

आईचं माहेर पोयनाडच्या बाजूचं. तिथे १९३३ साली चरीचा शेतकरी संप सुरू झाला आणि तो सहा वर्षं चालला. खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत म्हणून लोकांनी शेतं पडीक ठेवली, लाकूडफाटा विकून, कंदमुळं-मासळी खाऊन दिवस काढले. हा इतिहास आईच्या वडिलांनी तिला सांगितला आणि तिने तो आमच्या प्रत्येक महिनाअखेरीला लागू केला आहे. “सहा वरसं आमच्या मानसांनी नांगर नाय धरला,” ती म्हणते, “न तुमाला तीस दिस निघंत नाय?” यावर उत्तर नाही. एकदा मी “आई, तेव्हा मोबाईलचं रिचार्ज नव्हतं” असं म्हणून पाहिलं. “तवा मोबाईल पन नव्हता न मानसं पन बोलायची,” असं म्हणून ती कूस बदलून झोपली.

रिचार्जवरून आठवलं. हल्ली फोनवरून पैसे दिले की दुकानातली ती छोटी डबी ओरडते. पूर्वी माणूस किती गरीब आहे ते फक्त वाण्याला कळायचं, आता नाक्यावरच्या रिक्षा स्टँडपर्यंत कळतं. मी शांतपणे दोन अंडी घेतो, हळूच फोन टेकवतो, आणि डबी खणखणीत बाईच्या आवाजात जाहीर करते, “चौदा रुपये प्राप्त झाले!” स्टँडवरचे तिघे वळून बघतात. त्यातला एक आमचा कर्जदार असतो, आणि तो हसतो. वसुलीच्या माणसाला असं हसणं परवडत नाही. म्हणून मी आता अंडी डझनाने घेतो. चुलीत गेलं बजेट, पण निदान आकडा ऐकायला बरा वाटतो.

वडखळला राहून काटकसर करणं का अवघड आहे, हे बाहेरच्याला कळायचं नाही. आमचं गाव म्हणजे फाटा. मुंबईहून येणारा रस्ता इथे फुटतो. एक धरमतरच्या पुलावरून अलिबागला जातो, दुसरा नागोठण्याकडून महाड आणि थेट गोव्याला. शुक्रवार संध्याकाळ झाली की अख्खी मुंबई नाक्यावर येऊन ठेपते. उन्हाळ्यात ताडगोळे, जांभळं, पांढऱ्या कांद्याच्या माळा, एरवी कोकम, कडवे वाल, पेणचे पोहे-पापड असं रस्त्याकडेला मांडलेलं असतं, आणि त्याचे भाव आमच्या पगाराकडे बघून ठरत नाहीत, गाडीच्या काचेकडे बघून ठरतात. काच वर असून आत एसी चालू असेल तर एक भाव, काच खाली असेल तर दुसरा, आणि एसटीतून हात बाहेर आला तर तिसरा. स्थानिकाला चौथा भाव असतो, पण तो फक्त सोमवार ते गुरुवार.

मागे शनिवारी पांढऱ्या कांद्याची माळ घ्यायला गेलो. हा अलिबागचा कांदा, त्याला आता भौगोलिक मानांकनही मिळालंय. मानांकन मिळाल्यापासून कांद्याचा चेहराच बदललाय, हात लावला तरी रागावेल असं वाटतं. डोक्यावर हेल्मेट होतं, त्यामुळे बाईंनी ओळखलं नाही आणि मुंबईचा भाव सांगितला. मी हेल्मेट काढलं.

“अगो बाय, तू काय! मंग दे की तेवढंच.”

“तेवढंच कसं? मी इथला.”

“इथला हायेस तर सोमवारी ये. आज शनवार हाय.”

“सोमवारी घरात पाहुणे आहेत, कांदा आज लागतो.”

“मंग पावन्यांच्या भावात घे,” बाई म्हणाल्या. या तर्कापुढे रिझर्व्ह बँकेचं पतधोरणही टिकलं नसतं.

आणि पाहुणे! बजेटची सगळी पाकिटं एकीकडे आणि ‘जाता जाता पाच मिनिटं’ एकीकडे. ठाणे, डोंबिवली, मुलुंड, वाशी इथे राहणाऱ्या आमच्या एकूण एक नातेवाइकांना अलिबागला, मुरूडला, काशिदला जायचं असतं, आणि वाटेत आम्ही असतो. मी कुठे आडवाटेला राहायला असतो तर मला कुणी ओळखही दिली नसती. इथे मात्र सौ.च्या मावसभावाच्या साडूचा मित्रही “वहिनी, ओळखलंत का?” करत उंबरा ओलांडतो.

फोन साधारण पेण सोडल्यावर येतो. “अरे, काही करू नका हं. फक्त चहा. पाच मिनिटं टेकतो, पुढे निघायचंय.” मग नाक्यावर गाड्यांची रांग लागल्याचं कळतं. “आता या गर्दीत निघून काय करायचं?” असं कुणीतरी म्हणतं, आणि चहाचं जेवण होतं. त्यांना जेवायला काहीही चालतं. “साधं करा. मासे तर तुमच्याकडे काय, दारात फुकट!”

हे फुकट मासे कुठे मिळतात, ते मी अजून शोधतो आहे. खाडी दारात आहे हे खरं. पण खाडीतला मासा आमच्या घरी यायच्या आत मुंबईच्या गाडीत चढतो. त्यातून पाहुण्याला नेमका जिताडा हवा असतो. जिताडा म्हणजे खारेपाटातला राजा. खाडीत मिळतो, शेतातल्या तळ्यातही लोक जिवापाड वाढवतात. कचेरीतलं अडलेलं काम सुटावं म्हणून साहेबाच्या घरी जिताडा पोचवायची जुनी रीत आहे, त्यावरून त्याची पायरी ओळखा. आमच्या हयातीत आम्ही तो मुख्यतः दुसऱ्याच्या हातात पाहिला. पण सौ.च्या माहेरची माणसं आली होती. ती मला आत बोलावून म्हणाली, “अहो, माझी लाज राखा.” मी ‘शाळा’ आणि ‘गाडी’ ही दोन पाकिटं खिशात घालून निघालो.

जेवताना मेव्हण्याने ताटातली तुकडी उलटसुलट केली आणि म्हणाला, “मजा आहे बुवा तुमची. खर्चच नाही काही इथे! आम्ही मुंबईत मरतो.” मी त्याला आणखी एक तुकडी वाढली. अशा वेळी मला बोलता येत नाही. लोकांच्या दारात हप्त्यासाठी आवाज चढवणारा माणूस मी, पण पाहुण्याने ‘आणखी आहे का?’ विचारलं की ‘आहे की, भरपूर’ असंच तोंडातून निघतं. नंतर चिरंजीवांच्या वाट्याला डोकं आलं. त्यातच मजा असते, असं आम्ही त्याला सांगितलं. जाताना मेव्हणा त्याच्या हातावर पन्नास रुपये ठेवायला गेला आणि सौ. “अय्या, कशाला, कशाला!” म्हणत इतकी जोरात मधे पडली, की ते पुन्हा त्याच्या खिशात गेले. त्या पन्नास रुपयांची आठवण ती अजून काढते.

‘गाडी’चं पाकीट मी सहज उचललं असं वाटेल, पण त्या पाकिटावर माझा आधीपासूनच राग आहे. मुंबई-गोवा महामार्गाचा पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा २०११ साली चौपदरी करायला घेतला. त्याच वर्षी आमच्याकडे चिरंजीव जन्माला आले. चिरंजीव रांगले, चालले, शाळेत गेले, त्यांना मिसरूड फुटलं, तरी रस्त्यावर डायव्हर्जनच्या पाट्या होत्याच. या काळात माझ्या दुचाकीचे पुढचे शॉकॲब्सॉर्बर इतक्या वेळा बदलले, की मेकॅनिक आता मला बघितल्यावर गाडी न बघताच पान्हा उचलतो. त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला तो पेढ्यांचा पुडा घेऊन आला तेव्हा म्हणाला, “सगळं तुमच्यामुळेच.” मला वाटलं, वधुपित्यांच्या रांगेत माझंही नाव छापायला हवं होतं.

काटकसरीची खरी शिस्त सौ.कडून शिकावी. १७ मार्च २०२३पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं आणि आमच्या घरच्या अर्थशास्त्राला कलाटणी मिळाली. तिचं म्हणणं साधं आहे. मी पेणला गेलो तर पूर्ण तिकीट जातं. ती गेली तर अर्धं वाचतं. म्हणजे ती जितक्या वेळा जाईल तितकी बचत. या हिशेबाने ती कोथिंबीर आणायलाही पेणला जाऊ लागली. इथे जुडी महाग मिळते म्हणे. तिथे कोथिंबिरीबरोबर पिशवीत गाऊन, कानातले, चपला ठेवायचं स्टँड आणि ‘दोनवर एक फ्री’ म्हणून तीन झाडू येतात.

“अगं, तीन झाडू कशाला?”

“तिकिटाचे वाचले त्यातून घेतले.”

आई पंच्याहत्तरी ओलांडलेली, तिला एसटी साफ फुकट. सौ.ने तिलाही बचतीच्या मोहिमेत ओढलं. आता दोघी मिळून दीड तिकीट वाचवतात. मी आणि चिरंजीव घरात बसून उरलेली बचत करतो. पंखा बंद ठेवतो.

शिवाय लाडक्या बहिणीचे पंधराशे रुपये आहेत. जुलै २०२४पासून ते सौ.च्या खात्यात येतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावं, अशी अट होती. माझ्या पगाराचा आयुष्यात कुणाला तरी उपयोग झाला, तो तेव्हा. सौ. दाखला हातात घेऊन इतक्या अभिमानाने बघत होती, की मी क्षणभर पगारवाढ नको असं ठरवलं. पण ते पैसे अंदाजपत्रकात धरायचे नाहीत, हा तिचा पहिला नियम. मी ‘इतर’मध्ये एक ओळ लिहायला गेलो तर तिने पेन काढून घेतलं. “ते माझे. तुम्हाला हवे तर उसने देते.” आमच्या घरात आज पत असलेली ती एकमेव संस्था. कर्ज देते, वेळेवर वसूल करते, आणि हप्ता चुकला तर डब्याला भाजी वेगळी नसते. आमच्या संचालक मंडळाला मी एकदा तिची कार्यपद्धती समजावून सांगणार आहे.

इतकं करूनही मे महिना आला की सगळं कोसळतं. कारण आगोट. पावसाच्या चार महिन्यांची बेगमी करायची ती मे संपायच्या आत, हा आमच्याकडचा धर्म. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, त्यामुळे सुकी मासळी भरून ठेवावी लागते. सुके बोंबील, जवळा, सुकट, वाकट्या. वर तांदूळ, वाल, मीठ, चिंच, मिरच्या कांडून मसाला. या खात्याची मंत्री आई. तिला पाकिटं मान्य नाहीत. तिचा हिशेब डब्यांचा. डबा भरला की महिना भरला. बाजारात ती मासळीच्या टोपलीपुढे उकिडवी बसते, बोंबील नाकाशी धरते, मोडून आवाज ऐकते, तोंड वाकडं करते आणि मग माझ्याकडे न बघता ‘पैसे दे’ म्हणून हात मागे करते. किती ते विचारायचं नसतं.

सगळ्यात महाग सोडे. सोललेली, वाळवलेली कोलंबी, भाव ऐकून माणूसही वाळतो. आई ते ‘रवा’ लिहिलेल्या डब्यात ठेवते, म्हणजे पाहुण्यांना कळत नाही. युक्ती चांगली होती. पण गेल्या पावसाळ्यात एका पाहुणीला आमच्या घरी शिरा करण्याची हौस आली. “वहिनी, तुम्ही बसा, आज मी करते,” म्हणत तिने रव्याचा डबा उघडला. पुढची पंधरा मिनिटं आई देवाचं नाव घेत होती. संध्याकाळी शिऱ्याऐवजी सोड्यांची खिचडी झाली आणि पाहुणे मुक्काम वाढवून राहिले.

त्याच मे महिन्यात लग्नं. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. लग्न दुपारी उरकतं, हळद रात्रभर चालते. बँजो, डीजे, जेवणावळी, आणि ज्याच्या घरी हळद तो पुढची काही वर्षं आमच्या संस्थेच्या वहीत. हे मी अधिकाराने सांगतो, कारण ती वही माझ्याकडे असते. मी हळदीला जातो तेव्हा यजमान मला जरा लवकरच ताट वाढतात. दोघांनाही ठाऊक असतं की आजचं मटण संस्थेच्या कर्जातलं आहे, आणि जूनमध्ये मी याच अंगणात हप्त्यासाठी येऊन उभा राहणार आहे. तरी मी दुसऱ्यांदा रस्सा घेतो. तारण तपासणं हे कामच आहे.

पत्रिकेत ‘कृपया आहेर आणू नये’ छापलेलं असतं. त्याचा अर्थ भांडी आणू नयेत, असा घ्यायचा. पाकीट न्यावंच लागतं, आणि त्यात किती घालायचे हे आहेराच्या वहीवरून ठरतं. आमच्या लग्नातली ती वही सौ.ने सातबाऱ्यासारखी जपली आहे. कोणी एक्कावन्न दिले, कोणी एकशे एक, कोणी स्टीलचा डबा. आता परतफेड करताना एक्कावन्नाला एक्कावन्न देता येत नाहीत, मधल्या काळात महागाई झाली. पण एक्कावन्नाचे पाचशे केले तर समोरचा आपल्या पोराच्या लग्नात हजार देणार, मग आपल्याला दीड हजार. यावर रात्री आमची चर्चा होते.

“त्यांनी डबा दिला होता. डब्याचे आज किती धरायचे?”

“झाकणासकट होता का?”

“झाकण बसत नव्हतं.”

“मग दोनशे.”

इथे शंभर रुपये वाचवल्याचं समाधान घेऊन आम्ही झोपतो, आणि दुसऱ्या दिवशी नवरदेवाच्या आईने “वहिनी, सगळ्या बायका एकाच रंगात यायचं बरं का!” असा निरोप पाठवला, की सौ. पेणला साडी आणायला जाते. अर्ध्या तिकिटात.

गणपती तर आमच्या तालुक्याचा उद्योगच. पेणच्या मूर्ती मुंबईला जातात, परदेशात जातात, आणि मुंबईचे नातेवाईक मला फोन करतात. “तू तिथलाच, जरा कारखान्यात जाऊन एक मूर्ती सांगून ठेव ना. तुला स्वस्त पडेल.” मी हमरापूरला जातो, बयाणा भरतो, फोटो पाठवतो. डोळे आवडत नाहीत. दुसरा फोटो पाठवतो. पीतांबर पिवळा हवा असतो. शेवटी मूर्ती ठरते, न्यायला ते गाडी घेऊन येतात, जाता जाता पाच मिनिटं टेकतात, जेवतात आणि “बयाण्याचं नंतर बघू” म्हणून बाप्पाला मांडीवर घेऊन निघून जातात. देवाच्या कामात हिशेब कसला करायचा, असं म्हणून मी गप्प बसतो. दुसऱ्यांच्या थकबाकीवर उपाय सुचवणारी माझी प्रतिभा इथे अजिबात चालत नाही.

असा महिना संपतो. पगाराचा मेसेज येतो तेव्हा घरात जे वातावरण होतं, त्याचं वर्णन करणं कठीण. एवढा महिना काटकसरीत काढला, याचा आनंद साजरा करायला आम्ही चौघे त्याच संध्याकाळी नाक्यावरच्या हॉटेलात जातो. आई म्हणते मला काही नको, आणि मग पापलेट थाळी घेते. घरी येऊन सौ. पाकिटं मांडते. ‘इतर’ रिकामं असतं, ते आत्ताच जेवून आलेलं असतं.

यावर मी बराच विचार केला. दूध कमी करून पाहिलं, पंखा बंद करून पाहिला, अंडी मोजून पाहिली. आमच्या घरचा खर्च आमच्यामुळे होतच नाही, अशा निष्कर्षाला मी आलो आहे. तेव्हा अलिबागला निघणाऱ्या तमाम सग्यासोयऱ्यांना हात जोडून सांगणं एवढंच : २०२०पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू आहे. गाडीसकट नेते, तासाभरात पोचवते, समुद्राचा वारा मिळतो, खड्डा एकही नाही. आणि त्या वाटेवर वडखळ लागत नाही.